पारपटलाच्या काठाची कुळकथा

बुबुळापुढचा काचेसारखा स्वच्छ पडदा म्हणजे पारपटल. त्याच्या सर्वांत बाहेरच्या थराला अभिस्तर म्हणतात, आणि हा अभिस्तर आयुष्यभर झिजत व भरून निघत असतो. ही भर कोठून येते, या प्रश्नाच्या उत्तरावर प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींच्या रोपणाचे सारे शास्त्र उभे आहे; मात्र ते उत्तर नेत्रवैद्यकाच्या हाती फार उशिरा लागले.

७ डिसेंबर १९०५ रोजी मोरावियातील ओलोमोउत्स येथे एडुआर्ड झिर्म यांनी चुन्याने दोन्ही डोळे गमावलेल्या एका मजुरावर, एका मुलाच्या काढाव्या लागलेल्या डोळ्यातील पारपटल बसवले, आणि त्याचा एक डोळा पुन्हा पाहू लागला. माणसावरील पूर्ण जाडीच्या पारपटलरोपणाचे हे पहिले यश होय. पुढे हे रोपण जगभर रुळले, तरी ज्या चुन्याच्या भाजण्यातून त्याचा आरंभ झाला, त्याच प्रकारच्या डोळ्यांत ते वारंवार फसत राहिले: बसवलेले पारपटल काही काळ स्वच्छ राही आणि मग डोळ्याच्या पांढऱ्या भागावरचे आवरण रक्तवाहिन्यांसह त्यावर चढून ते धुरकट करी.

याचे कारण पारपटलाच्या काठाशी होते. पारपटल आणि पांढरा भाग जेथे मिळतात त्या अरुंद वर्तुळाकार पट्ट्याला लिंबस म्हणतात. अभिस्तराची भर याच पट्ट्यातून येत असावी, असे डावांगर आणि एव्हेन्सेन यांनी १९७१ मध्ये सुचवले, आणि १९८६ मध्ये न्यूयॉर्क येथील तुंग-त्येन सुन यांच्या गटाने केराटिन या प्रथिनाच्या आधारे, स्वतः टिकून राहून नव्या पेशी पुरवणाऱ्या मूलपेशी तेथेच असल्याचा सबळ पुरावा दिला. चुना हा पट्टाच जाळून टाकतो. दात्याचे पारपटल बसवले तरी त्याला पुढे पेशी पुरवणारे कोणी उरत नाही.

सुन हे हॉवर्ड ग्रीन यांच्या प्रयोगशाळेत घडलेले संशोधक होते, आणि प्रयोगशाळेत पेशी वाढवून रोपण्याच्या तंत्राचे दुसरे कूळ तेथे सापडते. ग्रीन आणि जेम्स राइनवाल्ड यांनी १९७५ मध्ये अमेरिकेत उंदराच्या, वाढ थांबवलेल्या पेशींच्या आधाराने मानवी त्वचेच्या पेशी काचपात्रात वाढवून दाखवल्या, आणि १९८४ पर्यंत भयंकर भाजलेल्या दोन मुलांवर अशा वाढवलेल्या त्वचेचे रोपण केल्याचे प्रसिद्धही झाले. त्वचेसाठी सिद्ध झालेली ही रीत ग्रात्सिएला पेलेग्रिनी आणि मिकेले दे लुका यांनी इटलीत डोळ्याकडे वळवली. एक डोळा अल्कलीने जळालेल्या दोन रुग्णांच्या निरोगी डोळ्यातून लिंबसचा जेमतेम मिलिमीटरभर तुकडा घेऊन त्यांनी पेशींचा पापुद्रा वाढवला आणि तो जळालेल्या डोळ्यावर बसवला. १९९७ मध्ये हे काम ‘लान्सेट’मध्ये आले. त्यातून घडलेल्या होलोक्लार या उपचाराला युरोपीय संघाने २०१५ मध्ये मान्यता दिली. मूलपेशींवर आधारलेले हे तेथील पहिले मान्यताप्राप्त औषध ठरले.

भारतात या तंत्राची निकड वेगळीच होती, कारण येथे तंबाखूबरोबर मळायच्या चुन्याची पुडी फुटून लहान मुलांचेही डोळे जळतात. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत २००१ पासून वीरेंद्र सांगवान आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या पेशी वगळून, उल्ब म्हणजे गर्भाभोवतीच्या पातळ आवरणावर रुग्णाच्याच पेशी वाढवल्या. २०११ मध्ये त्यांनी २०० रुग्णांचा अनुभव मांडला, त्यात ७१ टक्के रोपणे यशस्वी ठरली होती. एवढे यश हाती असतानाही अशी प्रयोगशाळा लहान गावात उभी राहणार नाही हे ओळखून त्यांनी २०१२ मध्ये ‘स्लेट’ ही रीत पुढे आणली: लिंबसच्या छोट्या तुकड्याचे बारीक कण करून ते डोळ्यावर पसरलेल्या उल्बावर जैविक गोंदाने चिकटवायचे आणि पेशींना तेथेच वाढू द्यायचे. या साऱ्या कुळात हेच पाऊल सर्वांत मोलाचे मानावे लागते, कारण त्यामुळे हा उपचार साध्या शस्त्रक्रियागृहाच्या आवाक्यात आला.

दोन्ही डोळे जळाले असतील तर मात्र स्वतःचा लिंबस उरतच नाही. त्यासाठी जपानमध्ये कोहजी निशिदा यांनी २००४ मध्ये तोंडाच्या आतील अस्तराच्या पेशींचा पापुद्रा वापरला, आणि २०१९ पासून ओसाका येथे प्रौढ पेशींना मूलावस्थेत परत नेऊन घडवलेल्या पारपटल-पेशी चार रुग्णांवर बसवल्या. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांपैकी तिघांची सुधारलेली दृष्टी टिकून राहिली होती.