छापखान्यातून महाविद्यालयात

सुवर्णमहोत्सवी अंकासाठी काही लिहावे, अशी आज्ञा संपादक मंडळाकडून झाली, तेव्हा विषयाच्या शोधात आम्हांस घराबाहेर जावे लागले नाही. आमची कन्या गाझियाबादेतीलच एका महाविद्यालयात पत्रकारितेचे शिक्षण घेत आहे. वृत्तलेखन, चित्रपट, जाहिरात आणि जनसंपर्क हे चारही विषय तिच्या अभ्यासक्रमात एकत्र नांदतात. एका रात्री जेवताना तिने सहज विचारले, "बाबा, हे सगळं मराठीत कधी कुणी शिकवलं होतं का? की ते इंग्रजी आणि हिंदीतच सुरू झालं?" प्रश्न साधा होता, उत्तर मात्र आम्हांस चटकन देता आले नाही. तेच उत्तर येथे सवडीने मांडीत आहोत.

या प्रश्नास आपल्या गावाचीही पार्श्वभूमी आहे. अर्धशतकापूर्वी गाझियाबाद हा मेरठ जिल्ह्याचा एक भाग होता. १४ नोव्हेंबर १९७६ रोजी त्याला स्वतंत्र जिल्ह्याचा दर्जा मिळाला. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये नोएडाचा जन्म झाला आणि १९९७ मध्ये गौतम बुद्ध नगर हा वेगळा जिल्हा होईपर्यंत नोएडाचा मोठा भाग आपल्याच जिल्ह्यात मोडत असे. आज तेथील फिल्म सिटीत अनेक वृत्तवाहिन्यांची कार्यालये आहेत आणि तिच्या आसपास, थेट आपल्या दारापर्यंत, पत्रकारितेच्या महाविद्यालयांच्या पाट्या दिसतात. आपल्या मुलांना ही वाट समोरच दिसते, यात नवल नाही. परंतु या वाटेची पहिली पावले कोठे उमटली, हे त्यांना कोणी सांगत नाही.

मराठी वृत्तपत्राचा आरंभ ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत 'दर्पण'ने झाला. त्याचे संपादक बाळशास्त्री जांभेकर हे तेव्हा विशीतले तरुण होते. एका स्तंभात मराठी आणि शेजारी इंग्रजी, अशी त्या पत्राची रचना होती. पुढे बाळशास्त्री एल्फिन्स्टन संस्थेत अध्यापक झाले. म्हणजे मराठीतला पहिला संपादक हा हाडाचा शिक्षकही होता, आणि दोन भाषा शेजारी शेजारी ठेवून वाचकास शहाणे करणे हेच त्याचे काम होते. परप्रांतात राहणाऱ्या आपणांस ही दोन स्तंभांची कल्पना विशेष जवळची वाटावी. महाराष्ट्रात ६ जानेवारी हा पत्रकार दिन म्हणून पाळला जातो, तो याच स्मरणाने.

शाळा आणि वृत्तपत्र यांचे हे नाते पुण्यात अधिक दृढ झाले. १८८० च्या आरंभी न्यू इंग्लिश स्कूल निघाले, लगोलग १८८१ च्या जानेवारीत 'केसरी' आणि 'मराठा' ही पत्रे निघाली, आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालय उभे राहिले. विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि आगरकर यांच्या मंडळीला शाळेचा फळा आणि छापखान्याचा खिळा ही एकाच कार्याची दोन साधने वाटत होती. पत्रकारितेचे निराळे वर्ग तेव्हा नव्हते. खिळे जुळवणाऱ्याच्या शेजारी बसून, मुद्रिते तपासून आणि अग्रलेखाची पुन्हा पुन्हा नक्कल करून माणूस तयार होई.

या पाठशाळेतील एक धडा फार कठोर होता. कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे यांच्याविरुद्ध हाती आलेली काही पत्रे खरी मानून या तरुण संपादकांनी ती प्रसिद्ध केली. छत्रपतींच्या छळाने त्यांची मने पेटली होती आणि हेतूही निर्मळ होता. परंतु न्यायालयात ती पत्रे बनावट ठरली. १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर यांना अब्रुनुकसानीबद्दल शिक्षा झाली व डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. त्या तुरुंगवासाने ते लोकप्रिय झाले, हे आपण अभिमानाने सांगतो. मात्र त्यातला दुसरा अर्थ आपण सहसा सांगत नाही. हाती आलेला कागद कितीही आपल्या मनासारखा असला, तरी तो आधी पारखून घ्यावा लागतो. आज वृत्तविद्येच्या वर्गात विद्यार्थ्यांना हेच प्रथम शिकवतात. आणि प्रत्येकाच्या खिशातील दूरध्वनीवर दिवसभर संदेशांचा पाऊस पडत असताना हा धडा एकट्या पत्रकारांचा तरी कोठे उरला आहे?

चित्रपटाची कथाही अशीच आहे. दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये विमापत्र गहाण टाकून लंडन गाठले, सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत तंत्र पाहून घेतले आणि परत येऊन १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला. त्यांच्या कंपनीत घरची माणसेच शिकाऊ होती. सरस्वतीबाई फाळके यांनी फिल्म धुण्यापासूनची कामे अंगावर घेतली होती. इकडे कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी स्वतःच कॅमेरा तयार केला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. दामले, फत्तेलाल आणि शांताराम हे तेथेच घडले. त्यांनी सहकाऱ्यांसह १९२९ मध्ये 'प्रभात' स्थापन केली व १९३३ मध्ये ती पुण्यात आणली. 'प्रभात'चा 'संत तुकाराम' पुढे व्हेनिसच्या महोत्सवात गौरविला गेला. या माणसांपाशी चित्रपटविद्येचे प्रमाणपत्र नव्हते. त्यांना गुरू लाभले होते.

मग महाविद्यालये कशी आली? येथे या कथेत दिल्लीचा प्रवेश होतो, आणि आम्ही सरकारी नोकरीतले असल्याने हा भाग आम्हांस विशेष रस देतो. समित्यांचे अहवाल कपाटात पडून राहतात, असा आमच्या खात्यांवर आरोप असतो. परंतु स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखालील चित्रपट चौकशी समितीचा १९५१ चा अहवाल कपाटातून बाहेर आला. त्यातील शिफारशीस अनुसरून १९६० मध्ये पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली, तीही बंद पडलेल्या 'प्रभात'च्याच जागेत. वृत्तपत्रांसाठी नेमलेल्या पहिल्या आयोगाचे अध्यक्षही मराठीच होते, न्यायमूर्ती राजाध्यक्ष. त्यांचा अहवाल १९५४ मध्ये आला आणि पुढे प्रेस कौन्सिलसारखी संस्था त्यातून निघाली.

विद्यापीठीय शिक्षणाची सुरुवात मात्र निरनिराळ्या गावी झाली. १९४१ मध्ये लाहोर येथे पंजाब विद्यापीठाने पत्रकारितेचा विभाग काढला होता. फाळणीनंतर तो विभाग निर्वासितांप्रमाणेच दिल्लीत आला आणि १९६२ मध्ये चंडीगडला स्थिरावला. नागपुरात १९५२ मध्ये हिस्लॉप महाविद्यालयात रोलंड वुल्सले या अमेरिकन प्राध्यापकांच्या साहाय्याने हे वर्ग सुरू झाले. पुणे विद्यापीठाचा वृत्तपत्रविद्या विभाग १९६४ चा. तो फर्ग्युसन रस्त्यावरील रानडे इन्स्टिट्यूटच्या वास्तूत भरू लागला. पुढच्याच वर्षी, १७ ऑगस्ट १९६५ रोजी, दिल्लीत भारतीय जनसंचार संस्थेचे उद्‌घाटन झाले. दूरचित्रवाणीचे प्रशिक्षण १९७१ मध्ये दिल्लीत सुरू झाले व १९७४ मध्ये पुण्यास गेले. अशी ही विद्या पुणे आणि दिल्ली यांच्यामध्ये सतत ये-जा करीत राहिली. जशी आपली कुटुंबे करीत आली आहेत.

आमचे बी. ए.चे शिक्षण पुण्यात झाले. रानडे इन्स्टिट्यूटच्या दगडी भिंतीवरून आम्ही रोज जात असू. आत शिरावे, असे मनातून फार वाटे. परंतु वडिलांना सरकारी नोकरीची शाश्वती हवी होती, आणि आम्ही स्पर्धा परीक्षेचा अर्ज भरला. त्याचा खेद आता उरलेला नाही. मात्र कन्येच्या प्रश्नाने ती भिंत पुन्हा डोळ्यांपुढे उभी राहिली.

तिला आम्ही उत्तर दिले ते असे. हो, हे सारे मराठीत शिकवले गेले आहे; आधी छापखान्यात, मग स्टुडिओत आणि शेवटी वर्गात. आजही पुण्यात मराठीतून ते शिकता येते. इतकेच काय, दिल्लीच्या जनसंचार संस्थेने आपल्या अमरावती केंद्रात मराठी पत्रकारितेचा अभ्यासक्रमही चालू केला आहे. यावर ती काही क्षण गप्प राहिली आणि म्हणाली, "पण बाबा, मला मराठी बोलता येतं. वाचताना मी अडखळते. मला तिथे कोण घेणार?"

हे बोलणे आम्हांस लागले, कारण त्यात दोष तिचा नव्हता. कॅमेरा कसा धरावा, मथळा कसा द्यावा, बातमी कशी पारखावी, हे महाविद्यालय शिकवील. भाषा मात्र विद्यार्थ्याने घरून आणावयाची असते. बाळशास्त्र्यांच्या दोन स्तंभांपैकी एक स्तंभ आम्ही आमच्या घरात रिकामा ठेवला, ही कबुली या अंकात देणे आम्हांस उचित वाटते.

उपाय अवघड नाही. मुद्रणापूर्वी या अंकाची मुद्रिते तपासण्याचे काम संपादक मंडळाने आमच्या विनंतीवरून कन्येकडे सोपविले. पहिल्या पानाला तिला एक संध्याकाळ लागली. ऱ्हस्व-दीर्घावरून आमचा तिच्याशी वाद झाला आणि दोन ठिकाणी तीच बरोबर निघाली. शेवटची पाने तिने आमच्या मदतीवाचून वाचली. मंडळाच्या प्रत्येक वार्षिक अंकाचे हे काम यापुढे तरुण मुलामुलींकडे द्यावे, एवढीच आमची सूचना आहे. जुनी पाठशाळा अशीच तर होती.

हा लेखही तिनेच तपासला आहे. चूक राहिली असल्यास ती आमची समजावी.