39 गावं आणि 47 गावं

जानेवारी 1997. गडचिरोली जिल्ह्यातल्या एका कुडाच्या घरात तुम्ही उभे आहात. कोपऱ्यात बाळंतीण, मांडीवर लेकरू. "ताई, कालपासून दूधच पेत नाही जी," आजी सांगते. ताई म्हणजे याच गावातली आरोग्यदूत. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं तिला शिकवून तयार केलंय.

ती बाळाला झोळीत घालून ताणकाट्यावर तोलते, काखेत थर्मामीटर धरते. जन्मलं तेव्हा खणखणीत रडणारं बाळ आता जेमतेम कण्हतंय. अंग गार, हातपाय लुळे. अशी दोन लक्षणं एकदम दिसली तरी जंतुदोष धरायचा, हे तिला पाठ आहे. घरच्यांची संमती घेऊन ती जेंटामायसिनचं इंजेक्शन भरते. डॉक्टर नसलेल्या बाईच्या हाती सुई देणं अनेक जाणकारांना पटणारं नाही. त्यांना उत्तर द्यायला तिची वही लागेल. म्हणून इंजेक्शन दिल्यावर ती वजन, तापमान, औषध, सगळं लिहून काढते.

आता दुसऱ्या गावात चला. 'सर्च'च्या या प्रयोगात पहिल्यासारखी 39 गावं आरोग्यदूतांची, तर या गावासारखी 47 तुलनेची. इथे आरोग्यदूत नाही, पण प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू टिपला जातो. ही नोंद नसती, तर बाळं वाचली ती औषधानं की बऱ्या पीकपाण्यानं, हे कोणालाच सांगता आलं नसतं.

डिसेंबर 1999. 'लॅन्सेट' नियतकालिकात निष्कर्ष छापून येतो: तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांच्या मानानं 62 टक्क्यांनी खाली. तरी दिल्ली लगेच हलत नाही. महाराष्ट्रात 'अंकुर' प्रकल्पातून हीच पद्धत आणखी सात ठिकाणी पडताळली जाते.

2011. केंद्र सरकार देशभर घरोघरी नवजात बालसेवा सुरू करतं. बाळंतपण दवाखान्यात झालं तर आशाताईच्या सहा भेटी, घरी झालं तर सात, बेचाळिसाव्या दिवसापर्यंत.

या बारा वर्षांत किती बाळं गेली, हा विचार तुम्हाला सोडत नाही. पुरावा हाती असताना केलेल्या उशिराची किंमत जीवांनी मोजली जाते. आणि नुसतं भेटींचं वेळापत्रक उचलून भागत नाही. बाळ न तोलताच रकान्यात वजन भरलं गेलं, तर धोरण कागदावर राहतं. गडचिरोलीनं देशाला खरं मोजण्याची शिस्तही दिली आहे. सरकारनं ती पाळायलाच हवी.