आधी नाव सांगा: वाय-फायच्या लॉगिन पानाचा मागोवा

शाळेच्या वाय-फायला मोबाइल जोडला की पडद्यावर शाळेचे बोधचिन्ह आणि त्याखाली नाव व पासवर्डाच्या दोन चौकटी येतात. या पानाला कॅप्टिव्ह पोर्टल म्हणतात. त्याचा माग काढत आपण १९९७ सालच्या स्टॅनफर्ड विद्यापीठात जाऊ. तिथल्या संगणकशास्त्राच्या इमारतीत सार्वजनिक जागी नेटवर्कचे पोर्ट होते. लॅपटॉप घेऊन आलेला कोणीही तिथे तार जोडून बसू शकत असे. एलियट पोगर आणि मेरी बेकर यांनी त्यावर ‘स्पिनॅच’ नावाची व्यवस्था मांडली. ओळख पटेपर्यंत राउटर कोणाला बाहेरच्या जाळ्यात जाऊ देत नसे. १९९९ मध्ये बेकर यांच्याच गटाने ही ओळख ब्राउझरमध्ये देण्याची सोय दाखवली. वेगळे सॉफ्टवेअर नको, ही त्यातली खरी मेख. पुढे कॅलिफोर्नियातल्या हौशी वाय-फायवाल्यांच्या ‘नोकॅटऑथ’ने आणि २००३ च्या ‘मोनोवॉल’ या फायरवॉल प्रणालीपासून निघालेल्या ‘पीएफसेन्स’ने हे तंत्र जुन्या संगणकावरही फुकटात आणून ठेवले.

तंत्र म्हणजे खरे तर एक सोज्वळ तोतयेगिरी. ब्राउझर एखादे संकेतस्थळ मागतो, राउटर त्या स्थळाच्याच नावाने उत्तर देतो की, आधी इकडे या.

भारतात या पानाला वेगळेच वजन आले. जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांआधी पाठवलेला ई-मेल नवी मुंबईत सानपाड्यातल्या एका उघड्या वाय-फायवरून गेला होता. फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने वाय-फाय वापरणाऱ्याची ओळख नोंदवण्याविषयी सूचना काढल्या, आणि मोबाइलवर ओटीपी मागणारे पान सर्वत्र रुळले. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलला रेलटेल आणि गूगलचे फुकट वाय-फाय सुरू झाले, तेव्हा फलाटावरच्या गर्दीलाही हे पान तोंडपाठ झाले.

तोवर तोतयेगिरीचे दिवस मात्र भरत आले होते. स्थळाची खरी ओळख तपासणारे एचटीटीपीएस सर्रास झाले तसे राउटरच्या उसन्या नावाला ब्राउझर हरकत घेऊ लागले. पानाऐवजी सुरक्षेचा इशारा येई. मग फोनच पुढे झाले. जोडणी होताच अँड्रॉइड गूगलकडे एक छोटी विचारणा धाडतो आणि २०४ क्रमांकाच्या कोऱ्या उत्तराची वाट पाहतो; भलतेच काही आले तर लॉगिनचे पान स्वतःहून उघडतो. सप्टेंबर २०२० च्या आरएफसी ८९१० या इंटरनेट मानकाने तर पोर्टलचा पत्ता डीएचसीपीतूनच, म्हणजे फोनला जोडणीचा तपशील मिळतो तेव्हाच, सरळ सांगण्याची रीत पक्की केली.

शाळेपुरते बोलायचे तर शिक्षकांसाठी जोडणीच्याच वेळी ओळख तपासणारा ८०२.१एक्स हा मार्ग बरा, कारण त्यात फोन एकदा बसवला की पान लागतच नाही. पण पाहुण्या पालकांचा फोन कोण बसवत बसणार? त्यांच्यासाठी पोर्टलच. विद्यार्थ्यांची नावे हजेरीपटावरून ओळख तपासणाऱ्या रॅडियस सर्व्हरवर चढवायची, त्यांचे व्हीलॅन (आभासी उपजाळे) कार्यालयापासून वेगळे ठेवायचे, आणि फोनच्या मॅक पत्त्यावर, म्हणजे नेटवर्कला दिसणाऱ्या त्याच्या ओळखक्रमांकावर, विसंबायचे नाही. हल्लीचे फोन तो पत्ता बदलून सांगतात; नेटवर्क काढून पुन्हा जोडले की कालचाच फोन पोर्टलला नवखा वाटू शकतो, आणि मुलाला पुन्हा नाव-पासवर्ड टाकावा लागतो.