पोंत्र्यागिन द्वैत आणि परावर्तिता

ज्या गटात बेरजेचा क्रम बदलला तरी उत्तर बदलत नाही, त्याला एबेलियन गट म्हणतात. त्यावर ‘जवळ’ या शब्दाला अर्थ देणारी संस्थिती असेल आणि बेरीज-वजाबाकी त्या जवळिकीला धरून चालत असेल, तर तो संस्थितिक एबेलियन गट होतो. वर्तुळगट हे त्याचे नमुनेदार उदाहरण आहे. त्यात वर्तुळावरचे बिंदू म्हणजे कोन मानायचे आणि कोनांची बेरीज करायची. ३६० अंश भरले की पुन्हा शून्य.

एखाद्या गटातून वर्तुळगटात जाणारे, बेरीज सांभाळणारे संतत फलन म्हणजे त्या गटाचे कॅरेक्टर. दोन कॅरेक्टरांची बेरीज हेही कॅरेक्टरच असते, त्यामुळे सगळ्या कॅरेक्टरांचा मिळून गट बनतो. हा मूळ गटाचा द्वैती गट. खुल्या संचांनी कसाही झाकला तरी त्यांपैकी सांत संख्येचेच पुरतात, असा संच म्हणजे संहत. मूळ गटाच्या एखाद्या संहत उपसंचावर सर्वत्र दोन कॅरेक्टरांची मूल्ये जवळजवळ असली, तर ती कॅरेक्टरे त्या उपसंचापुरती जवळची मानायची. द्वैती गटाची संस्थिती यातूनच ठरते, आणि पुढचे सारे नाट्य या ‘संहत’ शब्दावर अवलंबून आहे.

पूर्णांकांचा गट घ्या. १ हा अंक वर्तुळावर कुठे न्यायचा एवढे ठरवले की बाकी काही ठरवायचे उरत नाही. १ ला ९० अंशांवर नेले, तर २ हा १८० वर, ३ हा २७० वर, आणि ४ पुन्हा शून्यावर येतो. १ साठी वर्तुळावरची कोणतीही जागा चालते. म्हणून पूर्णांकांचा द्वैती गट म्हणजे वर्तुळगट. उलट, वर्तुळाला स्वतःवर पूर्णांक वेळा गुंडाळता येते, दुसऱ्या कोणत्याही रीतीने नाही. म्हणून वर्तुळगटाचा द्वैती गट म्हणजे पूर्णांक. आवर्ती फलनाची फूर्ये श्रेढी पूर्णांकांवर चालते, त्यामागे हेच कारण आहे. वास्तव संख्यांचा गट स्वतःचाच द्वैती आहे.

द्वैती गटाचा पुन्हा द्वैती घेतला की काय मिळते? मूळ गटातला प्रत्येक घटक द्वैती गटावर एक कॅरेक्टर बनतो : समोर येईल त्या कॅरेक्टराचे स्वतःपाशी असलेले मूल्य तो सांगतो. ही स्वाभाविक संगती एकास एक असेल, दुसऱ्या द्वैतीतील एकही घटक वगळत नसेल आणि दोन्ही दिशांनी संतत असेल, तर गट परावर्ती. दोन्ही गट कसेबसे सारखे निघाले एवढ्याने भागत नाही; सारखेपणा याच संगतीने सिद्ध व्हावा लागतो.

ल्येव पोंत्र्यागिन (१९०८–८८) यांनी १९३४ मध्ये या सिद्धांताचा पाया घातला. चौदाव्या वर्षी स्टोव्हच्या स्फोटात त्यांची दृष्टी गेली. आई तात्याना गणिताची पुस्तके त्यांना वाचून दाखवी. चिन्हांची नावे तिला ठाऊक नव्हती, म्हणून ती त्यांचे आकार सांगे. संचांच्या छेदाचे चिन्ह तिच्या तोंडी ‘शेपट्या खाली’ असे होते, असे सांगतात. पोंत्र्यागिन यांनी मुख्यतः गणनीय स्वरूपाच्या अटींखाली संहत आणि विविक्त (म्हणजे प्रत्येक बिंदू इतरांपासून सुटा असलेल्या) गटांची जोडी जुळवली : संहत गटाचा द्वैती विविक्त, आणि विविक्ताचा संहत. १९३५ मध्ये एग्बर्ट फान काम्पेन यांनी अटी काढून टाकल्या, आणि प्रत्येक स्थानिक संहत (म्हणजे प्रत्येक बिंदूभोवती संहत परिसर असलेला) एबेलियन गट परावर्ती असतो हे प्रमेय पूर्ण रूपात आले. आन्द्रे वेय यांच्या १९४० च्या ग्रंथात ते हार मापावरील, म्हणजे गटात सरकवल्याने न बदलणाऱ्या मापावरील, संकलनाशी जोडले गेले.

स्थानिक संहततेची चौकट सोडली की परिमेय संख्या लगेच अडवतात. त्यांना वास्तव संख्यांकडून येणारी नेहमीची संस्थिती द्या. प्रत्येक कॅरेक्टर वास्तव रेषेपर्यंत एकाच प्रकारे वाढवता येते, आणि द्वैती गट संस्थितीसकट वास्तव रेषाच निघतो. तिचा द्वैती पुन्हा वास्तव रेषा. त्यात २ चे वर्गमूळ आहे, मूळ गटात नाही. म्हणून हा गट परावर्ती नाही. त्याच परिमेय संख्यांना विविक्त संस्थिती दिली तर द्वैती गट सोलेनॉइड नावाचा संहत गट होतो आणि परावर्तिता टिकते. याहून टोकाची उदाहरणेही आहेत : ० आणि १ यांमधील घातांकाच्या, एकक अंतरालावरील लेबेग अवकाशांना शून्याखेरीज एकही कॅरेक्टर नसते.

तरीही स्थानिक संहतता ही परावर्तितेची आवश्यक अट नाही. सॅम्युएल कॅप्लन यांनी १९४८ मध्ये दाखवले की परावर्ती गटांचा गुणाकार, मग घटक कितीही असोत, परावर्तीच असतो. माझ्या मते सर्वांत बोलके उदाहरण मात्र १९५२ मधले, मारिअॅन स्मिथ यांचे : प्रत्येक बानाख अवकाश (म्हणजे लांबी मोजता येणारा, पूर्ण सदिश अवकाश), केवळ बेरजेचा गट म्हणून पाहिला तर, परावर्ती असतो. बानाख अवकाशांच्या नेहमीच्या अर्थाने, निरपेक्ष अभिसारी श्रेढींचा अवकाश परावर्ती नाही. दोन्ही विधाने एकत्र नांदतात, कारण नेहमीच्या व्याख्येत फलनांची जवळीक सर्व सीमित संचांवर मोजतात, इथे फक्त संहत संचांवर. अनंत मितीत संहत संच फार कृश असतात. त्यामुळे द्वैतीची संस्थिती सैल होते, तिच्यावर संतत राहणारी कॅरेक्टरे कमी उरतात, आणि दुसरा द्वैती फुगत नाही.

परावर्ती गटाचा बंद उपगट परावर्ती असेलच असे नाही. स्थानिक संहत गटांच्या गणनीय गुणाकारात मात्र बंद उपगट परावर्ती राहतात, असे नोबल यांनी १९७० मध्ये सिद्ध केले. बानाश्चिक यांनी १९९१ च्या ग्रंथात स्थानिक संहत गटांनाही सामावून घेणारा न्यूक्लिअर गटांचा वर्ग मांडून परावर्तितेचे हे क्षेत्र बरेच रुंदावले. १९९५ मध्ये एलेना मार्तीन-पेइनादोर यांनी सीमाच आखली : परावर्ती गटात घटक आणि कॅरेक्टर दोन्ही एकदम थोडे हलवले असता मूल्यही थोडेच हलत असेल, तर तो गट स्थानिक संहतच असला पाहिजे. अनंत मितीच्या बानाख अवकाशात ही एकत्रित संततता म्हणूनच मिळत नाही.