शिल्पमूल्यांकन

शिल्पमूल्यांकन : शिल्पकृतीची आर्थिक किंमत तज्ज्ञाकडून लेखी ठरवून घेण्याची प्रक्रिया. विमा, विक्री व वारसांमधील वाटणी यांसाठी ती करतात. विम्यासाठी तसे शिल्प पुन्हा मिळवण्याचा खर्च, तर विक्रीसाठी खुल्या बाजारातील भाव धरला जातो. त्यामुळे एकाच शिल्पाचे दोन आकडे येऊ शकतात.

कर्ता, काळ, माध्यम, आकार, स्थिती आणि मालकीचा पूर्वेतिहास हे मूल्यांकनाचे मुख्य निकष होत. माध्यम स्वस्त असले, तरी मोल कमी ठरतेच असे नाही; शिल्पकार ग. का. म्हात्रे यांचे मंदिरपथगामिनी हे विख्यात शिल्प प्लास्टरचे आहे. ब्राँझमध्ये एकाच साच्यातून अनेक प्रती निघतात, म्हणून प्रतिक्रमांक व ओतशाळेचा शिक्का तपासतात. तयार प्रतीवरून साचा घेऊन ओतलेली नक्कल मूळ प्रतीपेक्षा किंचित लहान भरते, कारण धातू थंड होताना आकसतो. मोजमापातला हा बारीक फरक नक्कल उघडी पाडतो. प्रती अनेक असल्या, तरी अस्सल प्रतीला मोठी किंमत येऊ शकते : शिल्पकार जाकोमेत्ती यांच्या 1947 मधील ‘बोट दाखवणारा माणूस’ या शिल्पाची एक प्रत 2015 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे 14.1 कोटी डॉलरांना विकली गेली.

जुन्या शिल्पाच्या मूल्यांकनात कायदाही लक्षात घ्यावा लागतो. भारतात किमान 100 वर्षे जुने शिल्प पुरावस्तू ठरते. 1972 च्या पुरावस्तूविषयक कायद्यानुसार अशा शिल्पांची नोंदणी आवश्यक असून खाजगी व्यक्तीला ती निर्यात करता येत नाहीत.

मूल्यांकनापूर्वी जुनी धातुमूर्ती चिंचेने घासून लख्ख करू नये. त्यात काळाने चढवलेले पुट निघून जाते आणि वयाचा मोलाचा पुरावा कायमचा नष्ट होतो.