टेम्सकांठचा एक जुना गुत्ता

दारूच्या गुत्त्याचा इतिहास लिहिणें प्राध्यापकास शोभतें काय, असें वाचक विचारतील. परंतु लंडनच्या लाइमहाउसमधील ‘द ग्रेप्स’ हा केवळ गुत्ता नव्हे. अठराव्या शतकांतील ही चिंचोळी इमारत टेम्सच्या पाण्यालगत उभी आहे. डिकन्सनें ‘अवर म्यूच्युअल फ्रेंड’ (१८६४-६५) या कादंबरींतील नावाड्यांचा गुत्ता हिच्यावरूनच रेखाटला, असें मानतात. तेथील करडी मालकीण गिऱ्हाइकांस वेळ होतांच घरीं धाडी.

याच वस्तींत १८५७ सालीं आशियाई खलाशांसाठीं आश्रयगृह उघडलें. आमच्या रत्नागिरीकडील खलाशीहि बोटींवरून लंडनास जात. पुढें १९८० सालीं जवळची वेस्ट इंडिया गोदी बंद पडली, खलाशी पांगले. गुत्त्याचें नांव मात्र राहिलें, कारण त्यास डिकन्स लाभला. आमच्या खलाशांस तसा कोण लाभला?