लाल बावटा कलापथक : डफ, तुणतुणे आणि तीन शाहीर

सोसायटीचा पंचवीस वर्षांचा इतिहास सेक्रेटरी साहेबांनी याच स्मरणिकेत लिहिला आहे, म्हणून मी जरा मागे जातो. आपल्याकडची बरीच घरे लालबाग-परळच्या चाळींतून आलेली. त्या भागात ज्यांची गाणी घुमली, त्या एका छोट्या मंडळीची ही हकीकत. नातवंडांच्या भाषेत बोलायचं तर हा बँडच, फक्त विजेवाचून चालणारा.

लाल बावटा कलापथक मुंबईत १९४४ च्या सुमारास उभे राहिले. मुख्य शाहीर तीन. वाटेगावचे अण्णाभाऊ साठे, शाळा जेमतेम दीड दिवसाची. बार्शीचे अमर शेख, मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल, आवाज पहाडी. आणि द. ना. गव्हाणकर. पथकाचे नाव वाचून काही सभासदांच्या कपाळाला आठ्या पडतील. मंडळी कम्युनिस्ट होती, त्यात लपवण्यासारखे काही नाही. मी त्या वाटेला कधी गेलो नाही. पण गाणं चांगलं असलं की पक्ष कोण विचारतो?

बँकेतल्या सवयीने आधी भांडवल पाहू. डफ, तुणतुणे, ढोलकी, झांज. बस्स. तुणतुण्याला तार एकच, ती सूर धरून ठेवते. डफाचं कातडं दमट हवेत सैल पडतं, मग ते विस्तवावर शेकून घ्यायचं. खरी युक्ती झीलकऱ्यांची. शाहिराने ओळ टाकली की मागचे ती उचलतात, 'जी जी रं जी' करतात. तेवढ्यात शाहिराला दम घ्यायला मिळतो आणि लांबच्या माणसाच्या कानावर ओळ पुन्हा पडते.

चाली घरच्याच, म्हणजे पोवाडा, लावणी, छक्कड. मजकूर मात्र नवा. अण्णाभाऊंनी १९४३ मध्ये स्टालिनग्राडचा पोवाडा रचला. कुठे ते रशियातलं शहर आणि कुठे आपला गिरणी कामगार! तमाशातली गवळण त्यांनी काढून टाकली, गणाच्या जागी मायभूमीचे आणि कष्टकऱ्यांचे वंदन आणले. 'अकलेची गोष्ट', 'देशभक्त घोटाळे', 'शेटजींचे इलेक्शन' ही नावेच बघा, आत काय असेल ते कळते. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने पथकावर बंदी घातली. सरकार एवढं घाबरलं कशाला, डफाला?

मग संयुक्त महाराष्ट्राची चळवळ आली, आणि अण्णाभाऊंची 'माझी मैना' ही छक्कड. पोटासाठी मुंबईला आलेल्या गड्याची बायको गावाकडे राहिली आहे, अशी ती सुरू होते. आमच्या वडिलांच्या पिढीतल्या कितीजणांचं हेच आयुष्य! ऐकणारा त्या विरहात गुंतला की शाहीर हळूच सांगतो, तशीच महाराष्ट्राचीही ताटातूट झाली आहे. सभेतली दहा भाषणं एका पारड्यात आणि ही छक्कड दुसऱ्या, असं माझं मत आहे. १ मे १९६० ला मुंबईसह महाराष्ट्र झाला. बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव बाहेरच राहिले. मैना काही आली नाही.

अमर शेख यांनी पुढे स्वतःचे कलापथक चालवले. १८ जुलै १९६९ ला अण्णाभाऊ गेले, आणि सहा आठवड्यांनी, २९ ऑगस्टला, अमर शेख अपघातात गेले. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, त्यांचा श्रोताही पांगला. कोणी डोंबिवली, कोणी विरार, कोणी इथे.

शब्द आज छापलेले मिळतात. पण झील कुठे उचलायची, ठेका कुठे मोडायचा, हे पुस्तकात सापडत नाही. आपल्या तीनही विंगमध्ये मिळून 'मैना' अख्खी चालीवर म्हणणारे चारजण आहेत, चौघेही पंचाहत्तरीच्या पुढचे. १ मेच्या झेंडावंदनानंतर त्यांच्यासाठी अर्धा तास द्यावा, मुलांनी मोबाईलवर रेकॉर्ड करून घ्यावे, असा अर्ज मी कमिटीला दिला आहे. डफाची सोय मी करतो. उत्तर अजून आलेले नाही.